नोराचा ट्रे न पोचलेला देश

नोरा लोपीसने सव्वीस वर्षं जगाला जेवू घातलं, पण जग काही पाहिलं नाही. मिसिसागात विमानतळाला लागून एक फ्लाइट किचन होतं, तिथे ती ट्रे भरायची. पट्ट्यावरून ट्रे सरकत आला की त्यात लोणी, बिस्कीट आणि सॅलडची वाटी ठेवायची आणि पुढे ढकलायचा. पुढे नागपूरची अरुणा उभी. ती झाकण लावायची. ट्रॉलीवर गावाचं नाव चिकटवलेलं असे: फ्रँकफर्ट, दुबई, लिमा, हाँगकाँग. नोराचा भूगोल तिथेच पक्का झाला. कुठल्या विमानात शाकाहारी ट्रे कमी पडतात आणि कुठल्या विमानातले लोक लोणी परत पाठवतात, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. स्वतःचा प्रवास मात्र टोरांटो ते मुंबई आणि मुंबई ते टोरांटो, एवढाच. त्यातही आपल्या हातचा ट्रे समोर आला की झाकण न उघडता परत. "आत काय आहे ते मला ठाऊक आहे," असं एअर होस्टेसला सांगून ती पिशवीतली सुकेळी काढायची.

सुकेळी म्हणजे वसईची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी तपकिरी झाली की केळीच्याच वाळक्या पानात घट्ट गुंडाळून बांधायची. नोरा वसईची. दर हिवाळ्यात तिकडून कुणी ना कुणी येई आणि नोराचा वाटा पोचता करी. नोरा घराबाहेर पडली आणि पिशवीत सुकेळ्यांची जुडी नाही, असं कधी झालं नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या पिशवीत कायम असे. भारतीय पासपोर्ट. नवरा नॉर्बर्ट याने पहिल्या संधीला कॅनडाची शपथ घेतली, नवा पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नोरा, आजपासून मी घरचा, तू पाहुणी." थट्टाच ती. पण नोरा म्हणाली, "मग पाहुणीला आयता चहा आण." आणि त्या दिवसापासून तिने नागरिकत्वाचा फॉर्म हातात धरला नाही. मुलगा ॲरन सांगून थकला. नॉर्बर्टला जाऊन सहा वर्षं झाली तरी भांडण तिने चालू ठेवलं होतं. गेलेल्या माणसाशी भांडण्यात एक सोय असते. शेवटचा शब्द आपलाच.

दोन हजार अठराच्या एप्रिलमध्ये पॅरिशची, म्हणजे चर्चची, मंडळी फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला निघाली. एक जागा रिकामी होती, ती नोराने अरुणाला मिळवून दिली.

"अगं, मी तुमच्यातली नाही," अरुणा म्हणाली.

"तीर्थाचं पाणी आहे. बाप्तिस्म्याचा दाखला विचारत नाहीत. चल."

लूर्द झालं, पाण्याच्या बाटल्या भरून झाल्या. शेवटचे दोन दिवस बार्सिलोनात होते. शुक्रवारी विमान, शनिवारी घरी, आणि रविवारी नात ऑलिव्हियाचं पहिलं कम्युनियन, चर्चमधला पहिला प्रसाद. तिचा पांढरा झगा नोराने स्वतः शिवला होता, लेस वसईहून मागवून. पण सून एलेनला कात्री लावायची भारी हौस. "स्लीव्हज जरा शॉर्ट करू या का, मम्मी?" असं ती तीनदा म्हणाली होती. म्हणून नोराने झगा बेसमेंटमधल्या पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाशेजारी साखळीत ओवली.

गुरुवार मोकळा होता. हॉटेलच्या काउंटरवर एक कागद पडला होता: 'एका दिवसात तीन देश. स्पेन, फ्रान्स, अँडोरा.'

"अँडोरा कुठे आलं?" नोराने विचारलं. आपल्याला एखादं गाव माहीत नसणं हा तिला अपमान वाटे.

अरुणाने फोनवर वाचलं. "डोंगरात आहे. छोटासा देश. विमानतळच नाही म्हणे तिथे."

"म्हणजे?"

"म्हणजे विमान जात नाही."

नोरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे या देशात माझा एकही ट्रे गेलेला नाही?"

"एकही नाही."

"मग मला गेलंच पाहिजे."

तिने तिथल्या तिथे फोनवर बुकिंग केलं. एकामागून एक चौकोन येत गेले, ती खुणा करत गेली.

"अगं, काय लिहिलंय ते वाच तरी."

"ते वाचत बसले तर बस सुटेल."

सकाळी साडेसहाला बस निघाली. नुरिया नावाची गाइड होती. चपळ पोरगी, नोराला पाहताक्षणी आवडली, कारण ती कुणाची वाट बघत थांबत नव्हती. फ्रान्समधल्या डोंगरी गावात कॉफी झाली. मग रस्ता वळणं घेत चढू लागला. अरुणाचे कान बंद झाले, नोराचं डोकं हलकं झालं. घाटमाथ्यावर बर्फ दिसला तशी बस थांबली. मंडळी किंचाळत खाली उतरली, बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारू लागली.

"हे बघायला आपण पहाटे उठलो?" नोरा म्हणाली. "गेल्याच आठवड्यात मी ड्राइव्हवेवरचं हेच शोव्हल केलं!" पण तोवर अरुणाने तिच्या कॉलरमध्ये मूठभर बर्फ घातला होता. सदुसष्टाव्या वर्षी नोरा अँडोराच्या हद्दीत पहिल्यांदा शिरली ती ओरडत, अरुणाच्या मागे धावत. दोघी दमून बसच्या चाकाला टेकल्या आणि हसू थांबेना.

बस उताराला लागली तेव्हा नुरियाने माइक हातात घेतला. या देशाला दोन राजपुत्र आहेत, त्यातला एक बिशप, दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, कर कमी म्हणून अत्तराची दुकानं पावलोपावली, लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आत. ("मिसिसागाचा एक कोपरा," नोरा म्हणाली.) मग सहज आठवल्यासारखं ती म्हणाली, "आणि बुकिंग करताना तुम्ही सगळ्यांनी खूण केलीच आहे. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना? स्पेन आणि फ्रान्स एका कुंपणात, अँडोरा कुंपणाबाहेर. एकदा बाहेर आलात की परत आत जायला दुसरी एंट्री लागते."

अरुणाने हळूच मान वळवली. तिचा पासपोर्ट कॅनडाचा, तिला व्हिसाच नको. "नोरा, तुझा काय आहे?"

नोराने पासपोर्ट काढला, पान उघडलं. एंट्रीच्या खान्यात ठळक एक होता.

"एक," ती म्हणाली.

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक, अरुणा! लूर्दला जाताना वापरली."

नोराचा हात गळ्याकडे गेला. क्रूस होता. शेजारी किल्ली होती. "अगं, झगा पेटीत आहे," ती म्हणाली. "मी इथे अडकले तर पोरगी रविवारी काय घालून जाईल?" आणि मग काय झालं कोण जाणे, उंचीचा परिणाम असेल, तिला हसूच फुटलं. "अरुणा, मी निर्वासित झाले गं! तेही अत्तराच्या दुकानांच्या देशात!"

"हसू नकोस! ॲरनला फोन कर, पेटी फोडायला सांग."

"फोडेल तो. आणि एलेन कात्री घेऊन तयारच असेल."

नुरियाने पासपोर्ट पाहिला, ओठ चावले. परतीच्या नाक्यावर बहुतेक वेळा फक्त सामान बघतात, तंबाखू आणि दारूसाठी, असं ती म्हणाली. इथे सिगारेट स्वस्त, लोक लपवून नेतात. पोलीस पासपोर्ट बघतीलच असं नाही. "पण बघितला तर मी काही करू शकत नाही. तुम्ही फक्त शांत बसा."

"ती?" अरुणा म्हणाली. "शांत?"

राजधानीत तीन तास मोकळे होते. अरुणाला घास गिळवेना. नोराला मात्र कशाचंच ओझं वाटेना. एका दिवसासाठी ती कुठलीच नव्हती, आणि ही गोष्ट तिला भलतीच मजेची वाटली. तिने पाच दुकानांत अत्तराचे फवारे मनगटावर घेतले. रस्त्यात थांबून डोंगर बघितले, तेही नाक वर करून, जणू विकत घ्यायचे आहेत.

"राहायला बरी आहे जागा," ती म्हणाली. "राजा बिशप आहे म्हणते ना ती? मग मी बिशपला पत्र लिहीन. आम्हा वसईकरांना बिशपला पत्र लिहायची सवय आहे. एका फादरची बदली केली होती आम्ही."

"का?"

"प्रवचन लांबवायचा."

परतीच्या वाटेवर मात्र तिचं हसू आटलं. नाका जवळ आला तशी ती किल्ली चाचपू लागली. बस थांबली. गणवेशातला एक जाडजूड अधिकारी वर चढला, दोन्ही बाजूंना बघत सावकाश मागे आला आणि नोरापाशी थांबला. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून सुकेळ्यांची जुडी डोकावत होती. वाळक्या तपकिरी पानांत घट्ट गुंडाळलेली, वर पानाचीच दोरी. अरुणानेही त्या क्षणी ती त्याच्या डोळ्यांनी पाहिली. हुबेहूब चिरूट!

"ताबाको?" त्याने विचारलं.

"बनाना," नोरा म्हणाली.

त्याने जुडी उचलली, वास घेतला, भुवया वर केल्या. घरगुती तंबाखू मधात मुरवला की असाच दिसत असावा. "मॅडम, पासपोर्ट अँड बॅग. कम."

खाली लोखंडी टेबल होतं. बसच्या खिडक्यांना चाळीस नाकं चिकटली. अरुणा स्वतःचा पासपोर्ट हातात धरून मागोमाग उतरली, तिला कुणी बोलावलं नव्हतं तरी. अधिकाऱ्याने नोराचा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, नोराकडे पाहिलं. अंगठा पुढच्या पानाखाली तसाच राहिला.

"एनिथिंग टू डिक्लेअर?"

नोराला लहानपणापासून एक खोड. कुणी सरळ विचारलं की खरं सांगून मोकळं व्हायचं. कन्फेशनला रांगेत सर्वांत पुढे तीच. तिने तोंड उघडलं. "साहेब, ॲक्च्युअली माझा व्हि..."

मागून अरुणाने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की नोराचा हात झटक्यात वर गेला आणि किल्ली बोटांना लागली. लांब बाह्यांचा झगा डोळ्यांसमोर आला. मग कात्री.

"बनाना," ती म्हणाली. "ड्राय बनाना. फ्रॉम वसई."

त्याने कुत्र्याला हाक मारली. तंबाखू हुंगणारा, शिकवून तयार केलेला, गळ्यात पट्टा, चेहरा न्यायाधीशासारखा. तंबाखू सापडला की तो गप्प खाली बसतो म्हणे. त्याने जुडी हुंगली. बसला नाही. पुन्हा हुंगली. मग एक सुकेळं दातांनी ओढलं, पानासकट दोन घासांत संपवलं आणि पुढचे पाय टेबलावर ठेवून दुसरं मागू लागला.

मग तो जाड अधिकारी लालबुंद होईस्तो हसला. खिडक्यांतली चाळीस माणसं हसली. नोरा म्हणाली, "पान काढून खातात रे, गाढवा!" हे मराठीत, पण कुत्र्याने शेपूट हलवली. अधिकाऱ्याने एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने पासपोर्ट मिटून तिला दिला. अंगठ्याखालचं पान तसंच मिटलं गेलं. त्याचं काम तंबाखू शोधायचं, तो नव्हता, प्रश्न मिटला. "ग्रासियास, सेन्योरा."

बस हलली आणि अरुणा रडायला लागली. नोराने तिच्या तोंडात सुकेळं कोंबलं. बार्सिलोना येईपर्यंत उरलेली जुडी बसभर वाटून झाली होती.

शनिवारी दुपारी, सामान न सोडताच, नोरा घरच्यांबरोबर चर्चमध्ये कन्फेशनला गेली. फादर मंगळूरकडचे. तिने एका दमात सगळं सांगितलं: न वाचता खोटी खूण केली, नाक्यावर खरं गिळलं, वर एका मुक्या जनावराला पानासकट केळं चारलं. पडद्यापलीकडे बराच वेळ खोकला चालला होता. मग फादरनी प्रायश्चित्त दिलं: तीनदा नमो मारियाची प्रार्थना आणि एक फॉर्म.

"कसला फॉर्म, फादर?"

"यू नो व्हिच वन, नोरा आंटी."

रविवारी ऑलिव्हिया लांब बाह्यांचा झगा घालून वेदीपर्यंत गेली. "ग्रॅनी, इट्स इची," म्हणाली, पण गेली. सोमवारी नोराने ॲरनला लॅपटॉप आणायला सांगितलं. पंचावन्नच्या पुढच्यांना आता नागरिकत्वाची परीक्षा नव्हती, म्हणजे सबबही नव्हती. भिंतीवरच्या नॉर्बर्टकडे तिने पाहिलं नाही. फक्त चहाचा एक कप त्याच्या बाजूला जरा आपटूनच ठेवला.

ॲरन टाइप करत होता. "मम्मी, पाच वर्षांत कॅनडाबाहेर कुठे कुठे गेलीस ते विचारलंय. इंडिया दोनदा. आणि आत्ताचं. स्पेन, फ्रान्स. राइट?"

"अँडोरा."

"ती डे ट्रिप होती. लिहायची गरज नाही."

"ॲरन."

"मम्मी, सिरियसली, तिकडचा तर स्टॅम्पही नाही. कुणाला कळणार?"

"मी न वाचता खुणा करायचं सोडलंय," नोरा म्हणाली. तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून फॉर्म वाचायला घेतला. "अक्षरं मोठी कर. आणि लिही. अँडोरा. एक दिवस."