साडूच्या गाडीतला थर्मोस्टॅट

फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात मिस्त्रींची एकतीस वर्षं गेली होती. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की ‘अहो’ सोडून ‘मिस्त्री’वर यायची. हाताला यश होतं आणि जिभेला धार. दोष एकच, दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसे. त्यातही साडूचं बरं झालं की त्यांच्या पोटात हटकून दुखायचं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे मास्तर. खिळा ठोकायला घेतला तर आधी स्वतःचा अंगठा ठेचणारा माणूस. आणि याच माणसाने मोटारहोम घेतलं होतं! गाडीतच पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर. वाटेल तिथे जा, वाटेल तिथे राहा.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. असं फिरतं घर घ्यायचं ही कल्पना मूळची मिस्त्रींची. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनीच पाठकोऱ्या कागदावर आखून दाखवलं होतं, इथे पलंग, इथे शेगडी, इथे मोठी खिडकी. मास्तर तेव्हा नुसते “वा दादा, वा” करत होते. पुढे मिस्त्रींचं आज करू, उद्या करू यातच राहून गेलं आणि मास्तरांनी गाजावाजा न करता ते करून टाकलं.

त्या शनिवारी सकाळी ती पांढरी गाडी मिस्त्रींच्या दारात येऊन उभी राहिली. मेहुणी उतरली आणि उतरता उतरताच म्हणाली, “भावोजी, आता तुम्हीच काय ते बघा. हीटर लावला तर अर्ध्यातच बंद पडतो, आणि एसी लावला की बंद व्हायचं नावच घेत नाही. कधी अगदी शहाण्यासारखं चालतं, कधी वेड लागल्यासारखं. सोमवारी समुद्राकडे निघायचंय आम्हाला.”

“थर्मोस्टॅट असेल,” मिस्त्री म्हणाले. भिंतीवरची ती छोटी डबी आतली हवा मोजून हीटर आणि एसी चालू-बंद करते.

हत्यारांची पिशवी घेऊन ते आत चढले. मागोमाग बायकोही आली, आणि तिने जखमेवर मीठ चोळायला सुरुवात केली. “अहो, कपाट बघा कसं बसवलंय! आणि ही खिडकी! पलंगावर पडल्या पडल्या बाहेरचं सगळं दिसतं.” मिस्त्रींनी न बघताच खिडकी बघितली होती. त्यांनी कागदावर काढली होती तिथेच होती ती.

“जरा उजेड सोडून उभी राहा,” ते खेकसले.

त्यांनी गाडीच्या बॅटरीचा दाब मीटरने मोजला, तो ठीक होता. तारांचे जोड हलवून पाहिले, घट्ट होते. स्वतःचा तापमापक टेबलावर ठेवला, त्यात अठरा अंश. भिंतीवरच्या डबीत बावीस. मग त्यांनी डबी उघडली. तिच्यामागे तारा आत घेण्यासाठी अंगठा जाईल एवढं भोक पाडलेलं होतं. त्यावर हात धरताच तळव्याला ऊब लागली. भिंतीच्या पलीकडे फ्रीजची पाठ होती. फ्रीज चालू झाला की त्याची गरम हवा भोकातून थेट डबीवर यायची आणि डबीला वाटायचं, खोलीच तापली. दहा मिनिटांचं काम. थोडा स्पंज, थोडी पुट्टी, भोक बंद.

मिस्त्रींनी डबी परत लावली.

“डबीतला बोर्ड गेलाय,” ते म्हणाले. “बाहेरून मागवावा लागेल. दोन-तीन आठवडे तरी धरून चाला.”

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, किती सहज आलं ते तोंडातून! मेहुणीचा चेहरा पडला. दारात उभ्या असलेल्या मास्तरांनी खिशातून एक छोटी वही काढली.

“अकरा दिवस डबीवरचे आकडे लिहून ठेवलेत, दादा. मला आपलं उगाच वाटत होतं, की फ्रीज गुरगुरायला लागला की आकडा चढतो. पण बोर्डच असणार. तुम्ही म्हणताय ना.” आणि वही त्यांनी परत खिशात घातली.

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी घेतली ती घेतली, आता या अंगठा ठेचणाऱ्या माणसाने त्यांच्या विद्येतही पाय ठेवला होता! आणि वर स्वतःच्या बरोबर उत्तरावर काट मारून त्यांच्या खोट्यावर विश्वास ठेवला होता. हे जास्त झोंबलं.

दिवसभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायको दोनदा “बिचारे” म्हणाली, तेव्हा दोन्ही वेळा ते पानावरून उठायच्या बेतात होते.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी ते दारात मुक्कामाला असलेल्या गाडीपाशी गेले. मास्तर दारातच उभे होते, चेहरा शाळकरी मुलासारखा फुललेला. “दादा, गंमत ऐका! पहाटे मी फ्रीज बंद करून बघितला. हीटर एकदम सरळ चालला! म्हणजे तुमचा बोर्ड—”

“बोर्ड धडधाकट आहे,” मिस्त्री म्हणाले. “काल वीस मिनिटांत सापडलं होतं मला. डबीमागे भोक आहे. खोटं बोललो.”

“का?”

“पोटात दुखलं म्हणून. गाडी बघून.”

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातली वही काढून हातात धरली. मग म्हणाले, “दादा, वहीपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला मी.” आवाज चढला नव्हता, पण एवढं कडक ते वर्गातही कधी बोलले नसतील. “आता नीट करून द्या.”

मिस्त्रींनी भोक बुजवलं. शिवाय डबी तिथून काढून पलंगाच्या बाजूच्या आतल्या भिंतीवर नेली, ऊन आणि फ्रीज दोन्हींपासून लांब. मास्तर विजेरी धरून उभे होते, नजर फक्त डबीवर. दुपारपर्यंत दोघांनी फ्रीज चालू ठेवून, बंद ठेवून डबीचे आणि तापमापकाचे आकडे ताडून पाहिले. जुळले.

सोमवारी गाडी समुद्राकडे गेली. मेहुणीने हात हलवला, मास्तरांनी नुसती मान. आपण काय केलं ते मिस्त्रींनी बायकोलाही सांगून टाकलं. त्यानंतर चार दिवस ते घरात फक्त ‘मिस्त्री’ होते.

पंधराएक दिवसांनी फोन आला. मास्तर होते. “दादा, इथे शेजारी एक मोटारहोम उभं आहे. त्यांचाही एसी थांबत नाही. मी म्हटलं, माझे साडू सांगतील. देऊ?”

“द्या,” मिस्त्री म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. अनोळखी माणसाला त्यांनी एकेक गोष्ट विचारली, डबी कुठल्या भिंतीवर आहे, पलीकडे काय आहे, ऊन कधी येतं. अर्धा तास गेला. मागून लाटांचा आवाज सारखा येत होता आणि त्यांना जळजळ व्हायची ती होतच होती. मास्तरांनी फोन परत घेतला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “समुद्र अगदी जवळ दिसतोय.”

“दारातच आहे.”

“चैन आहे तुमची,” मिस्त्री म्हणाले. या वेळी त्यांनी ती जळजळ लपवली नाही, आणि मास्तर त्या रविवारनंतर पहिल्यांदाच मोठ्याने हसले.