खाजा मियांनी सांगितलेला सिनेमा

डोंगरकड्याच्या बाजारात खाजा मियांचं पत्र्याचं व्हिडिओ सेंटर होतं. इंग्रजी पिक्चर लावला की मिया आवाज बारीक करायचे, टीव्हीशेजारी स्टुलावर बसायचे आणि स्वतःच बोलायला लागायचे. इंग्रजी किती येत होतं म्हणाल, तर येस, नो आणि कमॉन. पण गडी कधी अडला असेल तर शपथ! यान आकाशात उडालं की ते कुठं निघालं, काहून निघालं, आत कोण कोणावर रुसलंय, सगळं नुसतं चित्र बघून जागच्या जागी रचायचे. लोक म्हणायचे, मियाला समदं कळतं. मिया नुसती दाढी कुरवाळायचे.

त्यातला एक पिक्चर त्र्याण्णव सालापासून वर्षातून चार-पाचदा तरी लागायचा. एक जवान पोरगा एकटाच लांबच्या ताऱ्याकडं निघतो. मधेच यानातल्या काचेत त्याची म्हातारी आई दिसते, आणि तो काचेवर हात टेकून काहीतरी बोलतो. मिया तिथं सांगायचे, "तो म्हणून राहिला, आई, येतो मी. दार लावू नको."

हे त्यांनी उगाच नव्हतं रचलं. पहिल्या खेळाला पुढंच तांड्यावरची रुख्मिणीबाई बसली होती. तिचा भीमसिंग कामाला म्हणून सुरतेला गेला, त्याचा ना कागद ना निरोप. तिचं तोंड बघून मियांच्या जिभेवर तेच आलं. तेव्हापासून तो पिक्चर लागला की बाई हजर. बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसायची, तेवढं वाक्य ऐकायची आणि उठून तांड्याची वाट धरायची.

दोन हजार एक साली नांदेडच्या कॅसेटवाल्यानं तोच पिक्चर हिंदीत पाठवला. गावभर बोभाटा झाला. मियांनी आदल्या दिवशी दार लावून एकट्यानं तो पाहिला. आठ वर्षं ज्याला पोराचा मेहुणा म्हणून सांगितलं, तो निघाला दुश्मन. लोक हसतील, हसू देत बापडे. पण काचेपाशी तो पोरगा म्हणत होता, "माँ, मेरी राह मत देखना."

मियांना घास गिळेना. बायको अजरानं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले. कॅसेट अडकली म्हणून सांगावं, तर लोक पत्रे उचकटतील. बाईला येऊ नका म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? या म्हातारीचा सगळा धीर आपल्या एका थापेवर उभा आहे, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. शेवटी ठरवलं, तेवढ्या जागी आवाज बंद करायचा.

दुसऱ्या दिवशी भरबाजारात खेळ लागला. पाय ठेवायला जागा नव्हती. बाई पुढंच. काचेची जागा जवळ आली तसं मियांनी बोट बटणावर नेलं. काचेत म्हातारी दिसली आणि मियांनी आवाज बंद केला.

"तो म्हणून राहिला, आई..." एवढं म्हणून त्यांनी बाईकडं पाहिलं, आणि वाक्य तिथंच सुटलं. मागून लोक आवाज, आवाज म्हणून ओरडायला लागले. मियांनी टेप थोडी मागं घेतली, पण आवाजाचं बटण काही त्यांच्यानं फिरवेना.

रुख्मिणीबाई हळूच म्हणाली, "आवाज सोड, खाजाभाई."

मियांनी सोडला. पोरगा बोलला. बाई त्या दिवशी उठली नाही, शेवटपर्यंत बसून राहिली.

सगळे गेल्यावर मिया तिच्यासमोर जमिनीवरच बसले. म्हणाले, "मावशी, मी तुमाला खोटं सांगितलं. इतकी वर्षं."

"ठावं व्हतं मला," बाई म्हणाली. "पिक्चरातल्या पोराचे डोळे येणाऱ्याचे न्हाईत, ते मला पयल्याच खेपेला दिसलं व्हतं."

"मग तुमी काहून येत राहिल्या?"

बाईनं पिशवी उचलली.

"तुझ्याबिगर मला दुसरं कोण म्हणत व्हतं, येतो म्हणून?"