रस्त्यावर कुणी पडलंय का?

"तुम्हाला ओसीडी आहे," पुण्यातले मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले आणि मी आधी माझ्या हातांकडं बघितलं. ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारी माणसं, एवढंच मला ठाऊक. माझ्या हातांना तर कायम दुधाचा नि डिझेलचा वास.

"डॉक्टर, मी हात धूत बसत नाही."

"हात नाही, तुम्ही रस्ता तपासता," ते म्हणाले.

ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार मनात घुसतो आणि हटत नाही. तो शांत व्हावा म्हणून माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. घटकाभर बरं वाटतं, की विचार परत हजर. मी मान डोलावली, पण कळलं काहीच नव्हतं. मला वाटत होतं, आजार राहू द्या बाजूला, आधी मी कुणाला उडवलंय का ते कुणीतरी सांगा.

मी गुंजवणे गावाच्या बाजूच्या वाड्यांमधून दूध गोळा करून पिकअपनं नसरापूरच्या डेअरीला पोचवतो. खड्ड्यात चाक आदळलं की वाटायचं, चाकाखाली माणूस गेलं. आरशात बघायचो, रस्ता मोकळा. पण आरशात दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं कसं? मग गाडी वळवायची, उतरून गवतात बघायचं, रस्त्याखालच्या मोरीत वाकून बघायचं. पुन्हा निघालो की नवीनच शंका, गाडी वळवताना तर कुणाला लागलं नसेल? दूध पोचायला उशीर व्हायचा, कधी नासायचं.

एकदा तर चौकीवर जाऊन विचारलं, "या रस्त्याला आज अपघात झालाय का?" हवालदार म्हणाले, "न्हाई. का वो?" मी म्हणालो, "सहज." बाहेर आलो आणि वाटलं, हे काय बोललो मी? सहज कोण विचारतं? आता संशय माझ्यावरच यायचा!

माझी बायको कमल गाडीत शेजारी बसायला लागली. "आवं, म्या बगितलंय, कुणी न्हाई," ती सांगायची. मला पटायचं, पण पुढच्या वळणापर्यंतच. मग वाटायचं, ही मला वाचवायला खोटं बोलतीय. एक दिवस मी गाडी थांबवायच्या आधीच ती मागं वळून बघत होती. "आता मलाबी वाटाया लागलंय, की कोनतरी पडलंय," म्हणाली आणि रडायला लागली. त्यानंतर आम्ही पुण्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सराव दिला. शंका आली तरी गाडी वळवायची नाही, खरं-खोटं न कळताच पुढं जायचं. मग त्यांनी विचारलं, "अपघात कधी डोळ्यांनी बघितलाय?"

बघितला होता. काही वर्षांपूर्वी माझ्यापुढच्या जीपनं गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईला उडवलं. जीप थांबली नाही. मी तिला पिकअपमध्ये मागं झोपवलं. "बाबा, कुठं नेतुयास?" तिनं विचारलं. "दवाखान्यात, मावशी," म्हणालो. दवाखाना यायच्या आधीच ती गेली. मी हे विसरलो नव्हतो. फक्त त्या अपघाताचा माझ्या शंकांशी संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी ईएमडीआर सुचवलं. आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. म्हणजे वाईट आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डोळे डावीकडून उजवीकडं फिरवायचे, म्हणजे आठवणीची धार हळूहळू कमी होते. "हे जोडीला आहे. गोळ्या आणि सराव सोडायचा नाही," त्यांनी बजावलं. पुण्याला गाडीनं ये-जा करायची म्हणजे वाटेत माझा आजार आलाच, म्हणून ऑनलाइन.

आमच्याकडं रेंज धड नाही. मार्गासनीला मेव्हण्याच्या घरी खोलीचं दार लावून बसायचो. मोबाईलवर पुण्याच्या थेरपिस्ट मॅडम आणि पडद्यावर इकडून तिकडं जाणारा एक ठिपका. पहिल्याच दिवशी नेट गेलं, ठिपका मधेच थांबला. आता मी बघू कुठं? मॅडमनी फोन करून दुसरी रीत शिकवली. हातांची घडी छातीवर घालायची आणि आळीपाळीनं दोन्ही खांद्यांवर थापट्या मारायच्या. मोठा गडी मी, स्वतःलाच थोपटत बसलो. हसावं की रडावं, कळेना.

आठवणीत मला रक्त दिसेल असं वाटलं होतं. आला तो ओल्या गवताचा वास. मग तिच्या हिरव्या बांगड्या. मग आठवलं, मी आरशातून सारखा मागं बघत होतो, ती हलतीय का ते.

"आत्ता मनात काय येतंय?" मॅडमनी विचारलं.

"मी मारलं तिला."

"गाडी कुणाची होती?"

"जीपवाल्याची."

मी थापट्या मारत राहिलो आणि एकाएकी हुंदका फुटला. दाराबाहेर बसलेली कमल आत आली. मॅडम म्हणाल्या, "बसू द्या त्यांना तुमच्याजवळ."

लगेच बरं वाटलं, असं झालं नाही. उलट पुढचे काही दिवस जास्त त्रास झाला. मी मॅडमवर चिडलो, जुनं कशाला उकरलं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी आधी नुसतं मन स्थिर करायला शिकवलं, मग सावकाश पुढं नेलं. महिने गेले. आता ती बाई आठवते तेव्हा वाईट वाटतं, पण मी मारलं असं वाटत नाही.

फरक कशानं पडला, गोळ्यांनी, सरावानं की त्या थापट्यांनी? मला सांगता येत नाही. तुमच्या घरी कुणी असंच मागं वळून बघत असेल, तर त्याला "कुणी न्हाई" असं शंभरदा सांगू नका. डॉक्टरकडं न्या.

परवा दूध घेऊन निघालो. कमल हौसेनं सोबत आली होती. वळणावर चाक दणकन आदळलं. शंका आलीच. तिच्याही तोंडून निघून गेलं, "काय लागलं काय वो?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो आणि गिअर बदलून गाडी पुढं काढली.