आमच्या साडूंची चौकशी

आमच्या थोरल्या साडूंइतका चौकस, आणि नेमका नको तिथं चौकस, माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा जन्मला नसेल. मयतीला गेले तर रडणाऱ्यांना थांबवून 'शेवटी काय खाल्लं होतं?' म्हणून विचारतील. लग्नाला गेले तर बोहल्यावरच नवरदेवाला 'पोरगी पसंत हाये ना?' म्हणतील. अकोल्याच्या पुढं कधी पाऊल टाकलं नाही, पण पार इराकातल्या बसऱ्याला पाणी कसं लागतं हे यांना कळलंच पाहिजे! चौदा सालच्या त्या मोठ्या लढाईत आमच्याकडची काही पोरं जखमींची सेवा करायला स्वयंसेवक होऊन तिकडंच, समुद्रापार, गेली होती. मुदत संपून एखादा घरी आला, की त्याची आई मारुतीपुढं नवसाचे रोडगे, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करी, आणि त्या पंगतीला, आमंत्रण असो नसो, आमचे साडू हजर. छकडा माझा, बैल माझे, आणि हाडं खिळखिळी व्हायची तीही माझीच.

"दुसऱ्याच्या नवसाचं जेवाले कायले जाता, भाऊ?" मी कुरकुरायचो.

"जेवाले कोन चाल्लं? मले इचारायचं हाये."

त्यांचा एकुलता एक मुलगा पुढच्या तुकडीत निघाला होता. त्याला सोबत काय द्यावं, कशापासून जपायला सांगावं, ते त्यांना जाऊन आलेल्यांच्या तोंडून हवं होतं. हेतू सोन्यासारखा, रीत मात्र, कपाळ माझं! रिठदच्या पंगतीला पोराच्या तोंडात रोडग्याचा पहिला घास, आई समोर उभी राहून वांग्याची भाजी वाढतेय, आणि यांचा खणखणीत सवाल: "काय गा, तिकडं उपाशी राहा लागे काय?" पोरानं आईकडं पाहिलं. "नाही जी, सारं बरं होतं." शेलूबाजारला तेच. त्या पोराच्या तर बरगड्या मोजून घ्याव्यात, पण तोही म्हणाला, "सारं बरं होतं जी." परतताना साडू खूश! मी कासरा ओढून छकडा उभा केला.

"भाऊ, मायच्या पुढ्यात कोनतं लेकरू आपले हाल सांगन? बाजूले नेऊन इचारा ना!"

पुढच्या वेळी, रिसोडला, त्यांनी पोराला खरंच विहिरीमागं नेलं. परत आले ते तोंड उतरवून. काय ऐकलं ते मलाही सांगेनात. मुलाच्या वळकटीत मात्र आणखी एक घोंगडी गेली, सुंठ गेली, लिंबाचं लोणचं गेलं. मी चिडून म्हटलं, "एवढा जीव तुटते तं धाडता काहून?"

"जातो म्हून शब्द देल्ला त्यानं," एवढंच म्हणाले.

मुदत संपवून मुलगा परत आला, पण निम्मा होऊन. मारुतीपुढं रोडगे झाले. सारी पंगत कान टवकारून बसली, की आता यांच्या सवालांची सरबत्ती सुटणार. साडू मुकाट्यानं रोडगा कुस्करत होते. शेवटी आमच्या मेहुणीबाईंनीच तूप वाढता वाढता विचारलं, "कसं होतं रे बाप्पा तिकडं?"

"सारं बरं होतं, माय."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. खरं-खोटं पारखून आलेला माणूस घरात तोच एक.

"बरंच होतं," साडू म्हणाले. "मी समद्याईले इचारलं ना. जेवू दे त्याले."

आणि हात धुवायला म्हणून ते विहिरीमागं गेले, ते पंगत उठली तरी आले नाहीत. ज्या माणसानं गप्प बसावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, तो अखेर गप्प झाला होता, आणि मला ते मुळीच बघवेना.