कुक्षीचे काका, ०.२ टक्के

माझ्या बायकोच्या मामांना या जगात अनोळखी माणूस म्हणून खपत नसे. धारहून देवासला बसने निघाले की शेजारच्या प्रवाशाचं गाव, आडनाव, आजोळ आणि जुनं दुखणं हे सगळं त्यांना इंदूर यायच्या आत कळलेलं असे. नाही कळलं तर ते अपराध्यासारखे खाली उतरत. घराणं मराठी, धारच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं, त्यामुळे घरात ‘यजमान’ आणि ‘वन्सं’ अजून रुळलेले, पण फाटक ओलांडलं की मामा अस्सल माळवी ‘भिया’, दिसेल त्याचे भाऊ. देवासच्या औद्योगिक वसाहतीत सुगंधी तेलांचा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. मी नोकरीसाठी खानदेशातून तिथे गेलो तो त्यांच्याच हाताखाली, आणि वर्षभरात त्यांनी मला आपली भाची देऊन टाकली. पत्रिका पाहिली का, असं मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, “तुम्हाला रोज पाहतो ना मी. बस झालं.”

आमचं काम समजायला अवघड नाही. तेलाचा एक थेंब यंत्रात सोडायचा. त्यातले शे-पन्नास पदार्थ एका लांबलचक बारीक नळीतून आपापल्या ठरलेल्या वेळेला एकामागून एक बाहेर पडतात, आणि प्रत्येकाचा कागदावर एक डोंगर उमटतो. डोंगर मोठा तर पदार्थ जास्त. जुन्या काळी मामा हे डोंगर कात्रीने कापून चक्क तराजूवर तोलत. हसू नका, तेव्हा तशीच रीत होती. ती कात्री एकदा घरी आली आणि मामींनी तिने दुधाची पिशवी कापली, तर मामा दोन दिवस घरात फक्त मांजराशी बोलले. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, हा यंत्राचा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. दूधवाला सहा बारा, शेजारचे मास्तर पेपर मागायला सात पाच. मी आठऐवजी आठ चारला उगवत असे. मामा घड्याळाकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि काहीच बोलत नसत. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत संगणक. हे यंत्र प्रत्येक पदार्थाचे तुकडे करून त्या तुकड्यांचं वजन घेई, आणि सॉफ्टवेअर त्या वजनांवरून आपल्या पोटातल्या भल्यामोठ्या यादीत शोधून पदार्थाचं नाव सांगे. सापडलं नाही की लिही ‘अननोन’. हा शब्द मामांना असा झोंबला की आठवडाभर ते पडद्याकडे पाठ करून जेवले. दर वेळी, त्याच ठिकाणी, न चुकता येणाऱ्याला अनोळखी कसं म्हणायचं? मग सॉफ्टवेअरमध्ये आपली स्वतःचीही यादी करता येते हे त्यांना मीच दाखवलं, आणि बसल्या बैठकीला त्यांनी सगळ्या अनोळखी डोंगरांचं बारसं उरकलं. लग्नात न बोलावता हजर होणारी, कोणाच्या बाजूची ते कुणालाच ठाऊक नसलेली मंडळी त्यांनी त्यासाठी आठवून आठवून काढली. रुंद आणि सुस्त ती हाटपिपल्याची मावशी. एकमेकांना चिकटलेले दोघे ते डहीचे जुळे. आणि कुक्षीकडून येणाऱ्या रोशा गवताच्या तेलात अलीकडेच दिसू लागलेला, एक खांदा पडलेला बारकासा डोंगर म्हणजे कुक्षीचे काका.

पुढचा घोटाळा माझा. एका परदेशी गिऱ्हाइकाचा अहवाल छापायचा होता, मी नेहमीप्रमाणे उशिरा आलो, घाईत मामांची यादी बंद करायची विसरलो, आणि तीन पानांखाली त्यांची सही घेऊन लिफाफा रवाना केला. पंधरा दिवसांनी अत्यंत सभ्य उत्तर आलं. तेलात ०.२ टक्के ‘कुक्षी काका’ आढळले आहेत, तरी हा पदार्थ कोणता आणि त्वचेला कितपत अपायकारक, ते कळवावं.

व्यवस्थापक संतापले. चूक माझी आहे असं सांगायला मी तोंड उघडलं, तोच मामा म्हणाले, सही माझी आहे. व्यवस्थापकांकडे तोडगा तयार होता. सॉफ्टवेअरमध्ये एक रेघ असते, तिच्याखालचं सगळं यंत्राची खरखर समजून ते टाकून देतं. ती रेघ जरा वर सरकवा, काका बुडतील, नवा अहवाल पाठवू. नाहीतर शनिवारी तुमचा राजीनामा. मामांची नोकरीची चार वर्षं उरली होती.

मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, काका बिना बुलाए आलेत, मान्य. पर आलेत ना? पंगतीत बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? रेघ खालीच राहू द्या.”

मग तीन दिवस आम्ही काकांच्या मागे लागलो. त्यांचा तो पडलेला खांदा मामांना पहिल्यापासून खुपत होता. हे एकटे नाहीत, असं ते म्हणत. एकात एक मिसळलेले डोंगर वेगळे करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण कात्रीच्या माणसाला ती वापरणं कमीपणाचं वाटे. गुरुवारी त्यांनी निमूटपणे खुर्ची मला दिली. मी बटण दाबलं आणि काकांचे खरोखरच दोन झाले. एक गवताचाच साधा घटक. दुसरा, प्लास्टिक मऊ करायला घालतात तो पदार्थ. मामांनी पडद्याला हात जोडले आणि शुक्रवारी पहाटेची बस धरून कुक्षी गाठली. तिथल्या व्यापाऱ्याने भट्टीतून तेल काढायला नवीकोरी हिरवी प्लास्टिकची नळी लावली होती आणि तो ती कौतुकाने दाखवत होता. शनिवारी मामांनी राजीनाम्याऐवजी त्या नळीचा तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला. माल परत मागवला, खरं काय ते कळवलं, आणि गिऱ्हाईक टिकलं. नळी बदलल्यावर कुक्षीच्या पुढच्या तेलात काका नव्हते. मामांनी त्या दिवशी डब्यातला शिरा खाल्ला नाही.

निवृत्त होऊन मामा धारला लेकीकडे गेले. मी दर रविवारी येतो म्हणालो होतो. बायको जात राहिली. माझं मात्र आज हे, उद्या ते करत दीड वर्ष गेलं. परवा प्रयोगशाळेत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि जुन्या याद्या उचलून तिच्यात टाकायचं काम माझ्याकडे आलं. मामांची यादी उघडली. मावशी होती, जुळे होते, काकांचं नाव त्यांनी पुसलं नव्हतं. सगळ्यात खाली, मी कधीच न पाहिलेली एक नोंद होती: ‘जावईबापू’. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चार मिनिटं उशिरा. पण येतात.’

मी पुढचा मजकूर वाचू शकलो नाही, कारण पुढे मजकूर नव्हताच. रविवारी धारची बस पकडली. दार मामांनीच उघडलं. बरेच वाळले होते. आधी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि या वेळी मात्र बोलले.

“या. मी रेघ खालीच ठेवली होती.”