खिशातली पस्तीस हवा

माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो. ऊस कारखान्याकडे निघाला होता, मी मांडवाकडे, आणि आम्हा दोघांत घाई फक्त मला होती.

याला कारण माझी शिस्त. शेवगावच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक शेतात जातात, देवळात जातात, नाहीतर बायकोच्या डोक्यात जातात. मी तिसरं सुरू करून पाहिलं, पण महिनाभरात आमच्या शालननं मला घराबाहेरचा छंद शोधायला सांगितलं. मग मी फिरतं घर करून घेतलं! देवळाली प्रवराला उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर होता. त्याच्याकडून दोन चाकांवरची एक खोली बनवली. आत दोन बाकं, गॅसची शेगडी, खिडकीला पडदा. जीपच्या मागे जोडली की चालू लागायचं. गल्लीतले लोक तिला 'मास्तरांचं खुराडं' म्हणत. (तोंडावर नाही. तोंडावर 'कॅराव्हॅन' म्हणत आणि मग वळून हसत.)

या खुराड्याच्या मागच्या भिंतीवर स्टेपनी टांगलेली होती आणि माझा सगळा जीव त्या स्टेपनीत होता. माणसं चालत्या चाकांची हवा बघतात. स्टेपनीची कोणी बघत नाही. मग आडरानात चाक बसतं, स्टेपनी काढावी तर तीही बसलेली, आणि माणूसही तिथंच बसतो! हे भाषण मी भेटेल त्याला देत असे. बोलून झालं की खिशातलं हवा मोजायचं मीटर काढून प्रात्यक्षिक दाखवी. शर्टाच्या ज्या खिशात एकतीस वर्षं लाल पेन होतं, तिथं आता ते गोल मीटर होतं. त्याची काच पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून फुटली होती, पण काटा शाबूत होता. काट्याला कशाला लागते काच?

मग दसरा आला. जीप धुतली, खुराडं धुतलं, झेंडूच्या माळा घातल्या. मी ताट घेऊन थेट मागं स्टेपनीकडे गेलो आणि डाव्या हातानं मीटर तिच्या तोंडाला दाबून धरलं.

"अवो, मीटर ठिवा की खिशात," शालन म्हणाली. ती पाथर्डीकडची. बोलते थोडं, पण लागतं नेमकं. "पूजा गाडीची हाय."

"यंत्राची पूजा यंत्र चालू असताना करावी."

"कोन म्हनलं?"

"मी म्हणतोय!"

काटा पस्तीसवर उभा होता. स्टेपनीला पस्तीस हवा, अगदी पाहिजे तेवढी! मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं आणि शेवटी भक्तीचा जरा जास्तच भर येऊन मूठभर अक्षता मीटरवर टाकल्या. नमस्कार केला. ती पूजा फळाला आली, असं मला पुढचे तीन महिने वाटत होतं.

कारण दसऱ्यापासून सगळीकडे पस्तीस! रोज सकाळी चहा झाला की मी हवा मोजायचो. स्टेपनी पस्तीस. खुराड्याची दोन्ही चाकं पस्तीस. जीपची चारही पस्तीस. आमच्या वर्गाचा इतका चांगला निकाल मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. (वर्गात चार पोरांना सारखे मार्क पडले की मी लगेच कॉपी पकडायचो. चाकांच्या बाबतीत मात्र शंका आली नाही.) मीटर लावताना आणि काढताना थोडी हवा 'फुस्स' करून बाहेर यायची. तो आवाज मला फार आवडायचा. काही दिवस तर मी फक्त आवाजासाठी दोन-दोनदा मोजलं.

शेजारचे बबनराव शिंपी एकदा स्कूटर घेऊन आले. "सर, मागलं चाक बसल्यासारखं वाटतंय, बघता का?"

मी मीटर लावलं. "पस्तीस! उत्तम आहे."

"पर सर, टायर जमिनीला चिकटलंय."

"बबनराव, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की विज्ञानावर?"

बबनराव विज्ञानावर विश्वास ठेवून स्कूटरवर बसले आणि कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत गेले.

शालन अंगण झाडताना स्टेपनीवर अंगठा दाबायची. "अवो, ही आत जातीया. पिकल्या आंब्यावानी झालीया."

"शालन, अंगठा हे काही मोजमापाचं यंत्र नाही."

"बरं," ती म्हणायची. हे 'बरं' मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

जानेवारीत मयुरीचं लग्न ठरलं. मयुरी माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची मुलगी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती सातवीपर्यंत आमच्याकडेच शिकली. सायकल मीच शिकवली तिला. लग्न कोपरगावला, एका लॉनवर, मुहूर्त बारा पस्तीसचा. (हो, पस्तीसच! मला तर हा शुभसंकेत वाटला.) सुमननं आठवडाभर आधीच बजावलं, "दादा, मयुरी म्हणतीय, मामानं हात धरून आणलं तरच मांडवात येईन. नुसती जीप घेऊन ये. ते खुराडं आणू नको."

मी खुराडं आणायचंच ठरवलं. पाव्हण्यांनी बघायला नको का?

सकाळी सातला निघालो. मी कडक झब्बा घातला होता, डोक्याला फेटा, शालननं नऊवारी नेसली होती. नेवासा गेलं, श्रीरामपूर गेलं, पुणतांबाही मागं पडलं आणि मग मागून 'धप्प, धप्प' आवाज यायला लागला. उतरून बघतो तर खुराड्याचं डावं चाक पार सपाट.

खरं सांगतो, मला आनंद झाला. "शालन! आज स्टेपनीचा दिवस!"

आधी रीतसर त्या सपाट चाकाला मीटर लावलं. पस्तीस! मी क्षणभर गोंधळलो. मग म्हटलं, हवा सगळी तळाशी गोळा झाली असेल. (हे वाक्य माझ्या एकाही माजी विद्यार्थ्यापर्यंत पोचू नये, एवढीच विनंती.) जॅक लावला, फेटा सावरत नट फिरवले, झब्ब्याला ग्रीस लावून घेतलं आणि अर्ध्या तासानं स्टेपनी चढवली. जॅक खाली घेतला. जॅकबरोबर खुराडंही खाली आलं. टायर पसरलं आणि खुराडं होतं तसं डाव्या कुशीवर कललं.

शालन पुढं आली. तिनं नुसता उजवा अंगठा वर करून दाखवला.

फोन वाजला. "दादा, कुठंयस?"

"आलोच, आलोच!"

"खुराडं आणलंयस ना?" सुमननं विचारलं. बहिणी लहान असल्या तरी त्यांना कळतं.

खुराडं सोडून नुसती जीप न्यावी म्हणून जोडाची पिन ओढायला गेलो. खुराडं कललेलं, त्यामुळे पिन चेपून बसलेली. मी ओढली, शालननं ओढली, मग मी पिन ओढली आणि शालननं मला ओढलं. पिन हलेना. पावणेबारा वाजले. ती पोरगी मुंडावळ्या बांधून माझी वाट बघत असणार आणि मी इथं एका लोखंडी पिनेशी कुस्ती खेळत होतो.

तेवढ्यात मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर थांबला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला ड्रायव्हर उतरला.

"काय झालं, सर?" (मास्तर माणूस फेट्यातही ओळखू येतो.)

"पंक्चर."

त्यानं दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबली. अंगठ्यानं! "हवाच न्हाई की ह्यांच्यात."

"पस्तीस आहे," मी मीटर त्याच्यासमोर धरलं.

तो मीटरकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा मीटरकडे. "सर, आत्ता ह्ये कशाला लावलंय?"

"कशालाच नाही."

"मंग काटा पस्तीसवर कसा? हवा काय तुमच्या हातात हाय व्हय?"

मी मीटर खिशात टाकलं. बाहेर काढलं. पस्तीस! म्हणजे गेले तीन महिने मी खिशातसुद्धा पस्तीस हवा घेऊन हिंडत होतो. ड्रायव्हरनं मीटर घेऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोनदा ठोकलं. काट्याखालून एक लालसर तांदळाचा दाणा निघून रस्त्यावर पडला आणि काटा सर्रकन शून्यावर गेला.

"अक्षता," शालन म्हणाली. "दसऱ्याची."

ड्रायव्हरनं खाली बसून दोन्ही टायर फिरून फिरून तपासले. "सर, खिळा न्हाई, काटा न्हाई. कुनीतरी रोज थोडी थोडी हवा काढलीया बघा. कुनी दुश्मन हाय का तुमचा?"

"हाय," शालन म्हणाली. "घरातलाच." मला रोज सकाळचं ते 'फुस्स' आठवलं.

लॉन कारखान्याच्या वाटेवरच होतं. "बसा," ड्रायव्हर म्हणाला. एका मडगार्डवर मी बसलो, दुसऱ्यावर नऊवारीत शालन. पाठीमागं उसाच्या दोन ट्रॉल्या असल्यावर ट्रॅक्टर पळत नाही, डुलतो. एक सायकलवाले आजोबा आम्हाला मागं टाकून गेले आणि जाताना नमस्कारही करून गेले.

"जरा जोरात घ्या हो! माझ्या भाचीचं लग्न आहे!"

"जोरात घ्येतला तर मागचा ऊस रस्त्यावर यील, सर. मंग तुमी मामा न्हाई, मुकादम व्हाल!"

सुमनचा फोन पुन्हा आला. "कशात आहेस तू?"

"मोठ्या गाडीत," मी म्हणालो. ट्रॅक्टर एवढ्या जोरात धडधडत होता की तिला खोटं वाटलं नसणार.

साडेबाराला लॉनच्या गेटपाशी पोचलो. आत माईकवर पुकारा चालला होता, "मुलीचे मामा... मुलीचे मामा जिथं असतील तिथून..." दोन ट्रॉल्यांचा ऊस बघून बँडवाल्यांना वाटलं, कारखान्याची कुणी बडी असामी आली. त्यांनी जोरात वाजवायला घेतलं! मी मडगार्डवरून उडी मारली. खरं म्हणजे पडलोच, पण बँडच्या तालात पडलो.

मयुरी आतल्या खोलीच्या दारातच उभी होती. रडवेली झाली होती. मला बघितलं आणि खुदकन हसली. माझ्या फेट्यात अडकलेलं उसाचं पाचट तिनं काढलं, झब्ब्यावरच्या ग्रीसकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, आलास ना? चल मग." मी तिचा हात धरला. तो छोटा हात सायकलच्या हँडलवर धरून ठेवायचो ते आठवलं आणि मला भर मांडवात रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. शालन मागून कानाशी आली. "आधी खिसा झाका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुराड्यापाशी नेलेल्या टायरवाल्यानं सगळ्या चाकांत हवा भरली. "सर, किती ठेवू?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात शालननं अंगठा दाबून बघितला आणि "बास," म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडची हवा अशीच मोजतात आणि एकही चाक बसलेलं नाही.

यंदा दसऱ्याला मी पुन्हा यंत्रपूजा मांडली. शालनला पाटावर बसवलं आणि तिच्या उजव्या अंगठ्याला हळदकुंकू वाहिलं. तिनं मुकाट्यानं वाहू दिलं. मी अक्षतांच्या वाटीकडे हात नेला, तेव्हा मात्र तिनं अंगठा पदराखाली लपवला!