आई-बाबा आले की बघू

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर बाबांनी बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बस्तान नीट बसलं की बोलव. आम्हाला घाई नाय." आई रडत होती, म्हणून मी बाबांकडेच बघत आत गेले. बस्तान बसायला किती वर्षं लागतात, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

व्हिएन्नात म्युझियमं इतकी, की नवखा माणूस गांगरूनच जावा. चित्रांचं, घड्याळांचं, फर्निचरचंसुद्धा. मी एकातही पाऊल टाकलं नाही. संभाजीनगरकर हसतील, पण हे कळेलही त्यांनाच. आपण स्वतःहून उठून कधी वेरूळला गेलोय? पाहुणे आले की गाडी काढायची, पुरी-भाजी बांधून घ्यायची आणि त्यांच्या निमित्ताने कैलास लेणं पुन्हा बघायचं. तीच खोड मी सोबत आणली. ऑफिसला जाताना ट्राममधून ते चित्रांचं म्युझियम रोज दिसायचं आणि मी मनात म्हणायचे, आई-बाबा आले की बघू.

आधी नोकरी पक्की व्हायची होती. मग घर लहान होतं. मोठं घर मिळालं, तर रजा मिळेना. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की या," हे मी किती सहज म्हणत गेले! अखेर ते आले, तेव्हा काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ नेलीच होती.

मग कुठलं म्युझियम दाखवायचं, हा प्रश्न आला. चित्रांचं मीच बाद केलं. ज्यांना दिसत नाही त्यांना तिथे नेऊन काय करायचं? घड्याळांचं ठरवलं, निदान टोले तरी ऐकू येतील. बाबांनी टोले ऐकले, "लई छान" म्हणाले आणि बाहेर पडल्यावर विचारलं, "ते चित्रांचं कुठंय गं? फोनवर सांगायचीस ते?"

दुसऱ्या दिवशी तिथे नेलं. आई दमून बाकावर टेकली. बाबा माझा दंड धरून एका भल्यामोठ्या चित्रासमोर उभे राहिले.

"यात काय आहे?"

"नदी आहे. काठावर घोडा. एक बाई."

"कोण बाई? काय करतीय?"

मी चित्राशेजारची पाटी वाचायला वाकले.

"इतकी वर्षं राहतीस इथं, बघितलं नाय कधी?"

"तुमच्यासाठी ठेवलं होतं, बाबा."

बाबा म्हणाले, "अगं, तू बघून ठेवायचंस. आज मला सांगितलं असतंस."

घर कुठलं, असं तिकडचेही विचारतात आणि इकडचेही. काही चांगलं दिसलं की आधी ज्यांना दाखवावंसं वाटतं, ते जिथे असतील तिथे, असं मला वाटतं. माझं अजून आई-बाबांच्या औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आहे.

ते परत गेल्यापासून दर रविवारी त्या म्युझियमचं एकेक दालन बघते आणि तिथूनच बाबांना फोनवर सांगते. माझे शब्द संपले की बाबाच विचारतात, "गर्दी आहे का? कोण कोण आलंय?" मी आजूबाजूला बघते. कुणी मुलगी वडिलांना चित्रातलं काहीतरी बोटाने दाखवत असते आणि ते मान वाकवून बघत असतात. मी म्हणते, "विशेष कुणी नाही, बाबा."